रोमचे प्राचीन अवशेष पाहताना दगडांपलीकडचे काही दिसावे, यासाठी काय करावे?

देशांतर | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार. सहा वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी एका पर्यटन संस्थेबरोबर युरोपची सहल केली. तीत रोमच्या वाट्याला दीड दिवस आला. कोलोसियमच्या आत पाऊण तास मिळाला, आणि रोमन फोरम, म्हणजे जिथे प्राचीन रोमच्या सभा, न्यायनिवाडे, देवळे आणि बाजार एकवटलेले होते तो मुख्य चौक, वरच्या रस्त्यावरूनच दाखवण्यात आला. मला तेथे तीन उंच खांब, अर्धवट भिंती आणि गवत एवढेच दिसले, आणि आपण काहीतरी मोठे पाहूनही न पाहिल्यासारखे परत आलो, ही खंत आजवर राहिली आहे.

हे लिहिताना मला सारखा रायगड आठवतो. तेथील बाजारपेठेची तरी जोतीच उरली आहेत, पण त्या जोत्यांपुढे उभे राहिले की मला पेठ दिसते, कारण तिची गोष्ट लहानपणापासून कानांवर आहे. रोमची गोष्ट माझ्या कानांवर नाही.

येत्या एप्रिलमध्ये आईला घेऊन चार दिवस केवळ रोमला जाणार आहे. आईचे वय ७१ आहे आणि तिचे गुडघे दुखतात, मात्र तिला इतिहासाची मनापासून आवड आहे. कोणते अवशेष पाहावेत, कोणत्या क्रमाने पाहावेत, आणि जाण्यापूर्वी काय समजून घ्यावे, हे ज्यांनी सवडीने रोम पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

पायवाट | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नोकरीनिमित्त मी चार वर्षे रोममध्ये राहिले आहे. सुरुवात फोरमपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे हजार वर्षांच्या इमारती एकाच पातळीवर शेजारी शेजारी उभ्या आहेत, त्यामुळे आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे नवख्या डोळ्यांना उलगडत नाही.

त्याऐवजी पहिल्या सकाळी कोलोसियमपासून थोड्याच अंतरावर असलेल्या सान क्लेमेन्ते या चर्चमध्ये जा. रस्त्यावरून आत शिरता तेव्हा तुम्ही बाराव्या शतकातील चर्चमध्ये असता. तिकीट काढून जिना उतरलात की चौथ्या शतकातील जुने चर्च लागते. ते भराव घालून बुजवले गेले आणि त्याच्याच भिंतींवर आजचे चर्च उभे राहिले. आणखी एक जिना उतरलात की पहिल्या शतकातील इमारती, त्यांच्यामधली एक चिंचोळी गल्ली, आणि मिथ्रास या देवाच्या उपासनेची एक बुटकी, कमानदार छताची खोली लागते. खोलीच्या दोन्ही बाजूंना दगडी बाक आहेत आणि मध्ये वेदीवर बैलाचा बळी देणारा देव कोरलेला आहे. या देवाच्या नावाचे नाते इराणी मिथ्राशी आणि आपल्या वेदांतील मित्राशी आहे, हे आईंना नक्की सांगा.

सर्वांत खाली उभे राहिलात की भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. १८५७ मध्ये तेथील आयरिश धर्मगुरू जोसेफ मुलूली यांनी उत्खनन सुरू केले, पण खालचे थर पाण्याने भरत राहिले. अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोगदा खणून ते पाणी प्राचीन रोमच्या मुख्य गटाराकडे वळवावे लागले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गटाराने विसाव्या शतकातली अडचण सोडवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकावर एक थर कसे चढतात, हे शरीराने अनुभवल्यानंतरच फोरमकडे वळा.

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

पायवाट यांच्या सान क्लेमेन्तेबद्दलच्या मताशी मी सहमत आहे, फोरमबद्दलच्या मताशी नाही. थरांची गोष्ट फोरममध्येही दिसते, फक्त ती कुठे पाहावी हे माहीत असले पाहिजे.

अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचे मंदिर पाहा. सम्राटाने १४१ मध्ये दिवंगत पत्नीसाठी ते बांधले आणि पुढे त्याच्या खांबांच्या आत चर्च उभे राहिले. त्या चर्चचा दरवाजा आज जमिनीपासून कितीतरी उंच, अधांतरी लटकल्यासारखा दिसतो. तो बसवला तेव्हा जमीनच तेथपर्यंत आलेली होती! टायबर नदीचे पूर, पडझडीचा राडारोडा आणि शतकानुशतकांचा गाळ यांनी फोरम इतका बुजला होता, की लोक त्याला 'गायरान' अशा अर्थाच्या नावाने ओळखत आणि तेथे गुरे चरत. १८७० च्या मोठ्या पुरानंतर नदीला उंच तटबंदी झाली, तोवर शहराच्या या सखल भागाला पुराचे भय होतेच. त्या दरवाजाखाली उभे राहून मान वर केली, की जमीन किती चढली होती याचे माप आपोआप मिळते.

दुसरी जागा बॅसिलिका एमिलियाची. ही सराफ-सावकारांच्या व्यवहारांची इमारत होती. तिच्या संगमरवरी फरशीवर हिरवट डाग आहेत. ४१० मध्ये व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीने रोम लुटले, त्या वेळच्या आगीत वितळलेल्या तांब्याच्या नाण्यांचे ते डाग मानले जातात. सहल संस्थांचे गट तेथे क्वचितच थांबतात. मी मात्र त्या डागांपुढे अर्धा तास बसून होतो.

माझा सल्ला असा, की आदल्या संध्याकाळी कॅपिटोलाइन टेकडीवरील कठड्यावरून संपूर्ण फोरम वरून पाहावा, नकाशाशी ताडून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत उतरावे. कठड्यावरून पाहायला तिकीट लागत नाही.

सांजवेळ | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

कोलोसियमचे तिकीट आधीच ऑनलाइन काढा. ते नावानिशी असते, त्यामुळे पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच लिहा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा.

चुनखडी | ४ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून पँथिऑन या प्राचीन देवळाविषयी सविस्तर लिहितो, कारण आतापर्यंत त्याचे नाव कोणी घेतलेले नाही. त्याला अवशेष म्हणावे का, असा प्रश्न पडतो, कारण ते पडलेलेच नाही. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण १२५ च्या सुमारास ते पूर्ण झाले आणि ६०९ मध्ये त्याचे चर्च झाले. ते सतत वापरात राहिले, म्हणूनच टिकले.

घुमटाचा आतील व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच आहे, म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. लोखंडी सळ्या न घालता बांधलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही. त्यांचे काँक्रीट म्हणजे चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणात घातलेली खडी. पायाकडे जड दगडाची खडी, वर जाता जाता विटांचे तुकडे, आणि माथ्याशी पाण्यावर तरंगेल असा सच्छिद्र दगड. घुमटाची जाडी तळाशी सुमारे सहा मीटर आहे, ती माथ्यावरील झरोक्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास येते. तो झरोका उघडाच आहे, त्यातून पाऊस आत येतो. पाणी वाहून जावे म्हणून फरशीला किंचित फुगवटा आणि बारीक छिद्रे आहेत. ती छिद्रे शोधायचे काम आईंकडे सोपवा, ज्येष्ठ माणसांना अशी शोधाची कामे आवडतात, असा माझा घरचा अनुभव आहे.

आपल्याकडेही चुन्याच्या घाण्यात मळलेल्या चुन्याने वाडे आणि किल्ले उभे राहिले, त्यामुळे चुना किती चिवट असतो हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. रोमन लोकांना राखेचे गुण कळले होते, आणि तिच्यामुळे त्यांचे मिश्रण पाण्याखालीही घट्ट होत असे.

२०२३ च्या जुलैपासून पँथिऑनला प्रवेशमूल्य आहे. आत जायला पायऱ्या जवळपास नाहीत, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही.

मिलानकर | ४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. कोलोसियमपासून पियाझ्झा व्हेनेझियापर्यंत जो रुंद, सरळ रस्ता आहे आणि ज्यावर प्रत्येक जण छायाचित्र काढतो, तो मुसोलिनीने लष्करी संचलनांसाठी १९३२ मध्ये खुला केला. त्यासाठी एक दाट वस्तीचा जुना मोहल्ला पाडण्यात आला, वेलिया नावाची टेकडी कापली गेली, आणि तेथील रहिवाशांना शहराबाहेरच्या वसाहतींत हलवण्यात आले. सम्राटांच्या चौकांचे अवशेष बाहेर काढतो आहोत असे सांगत त्याच अवशेषांचा मोठा भाग रस्त्याखाली पुन्हा गाडला गेला.

तोर्रे आर्जेन्तिना चौकातील चार मंदिरेही १९२० च्या दशकातील अशाच पाडापाडीत सापडली. आपण अवशेष पाहतो तेव्हा ते उघडे करण्यासाठी कोणाची घरे गेली, हेही पाहिले पाहिजे. मध्ययुगीन रोम हेसुद्धा रोमच होते. उत्खनन करणाऱ्यांनी फक्त एका काळाला मान दिला आणि मधली हजार वर्षे कुदळीने काढून टाकली, याचे मला मनापासून दुःख होते.

पायवाट | ४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

मिलानकर, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, पण तोर्रे आर्जेन्तिनाबद्दल माझी भावना वेगळी आहे. माझी रोजची बस तेथे थांबत असे. रस्त्याच्या पातळीपासून काही मीटर खाली चार मंदिरांचे चौथरे, त्यांतील एक वर्तुळाकार, आणि त्यांच्यामागे पॉम्पे या रोमन सेनापतीने बांधलेल्या सभागृहाच्या पायाचे दगड. इ.स.पू. ४४ मध्ये, मार्चच्या १५ तारखेला ज्युलियस सीझरचा खून झाला तो या सभागृहात, फोरममध्ये नव्हे. हातात भाजीची पिशवी घेऊन मी रोज त्या दगडांकडे पाहत उभी राहायचे, आणि माझ्यासाठी तो इतिहास त्या उभे राहण्यातूनच खरा झाला. २०२३ पासून खाली उतरून उंचावरच्या मार्गिकेवरून फिरता येते.

मधली हजार वर्षे जिथे कुदळीतून वाचली, अशी जागाही आहे, ती जरूर पाहा. मार्सेलसच्या रंगमंदिराच्या खालच्या कमानी पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातल्या आहेत, मध्ययुगात त्यांचा किल्ला झाला, सोळाव्या शतकात वर महाल चढला, आणि आजही वरच्या मजल्यांवर लोक राहतात. खालच्या रस्त्यावरून फिरायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी वरच्या खिडक्यांत दिवे लागतात तेव्हा जा.

मांजरपाट | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३१

तोर्रे आर्जेन्तिनाच्या त्या मंदिरांत मांजरांचे आश्रयस्थान आहे आणि स्वयंसेवक अनेक वर्षांपासून त्यांची निगा राखत आहेत. माझ्या मुलीला सीझर आठवत नाही, पण खांबाच्या तुकड्यावर ऊन खात बसलेले तांबूस मांजर आठवते.

तगर | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

माझे सदस्यनाम पाहून कोणाच्या लक्षात आले असेल, मी धाराशिव जिल्ह्यातील तेरची आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या टिपणात आमच्या गावाचा उल्लेख 'तगर' असा येतो, पैठण आणि कल्याणही त्यात आहेत. त्यामुळे रोमची गोष्ट आपल्या कानांवर नाही, हे देशांतर यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य करता येत नाही.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये थेट पॉम्पेईत सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

आणि खुद्द रोममध्ये? फोरमजवळच्या मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेच्या प्रचंड कमानी सगळेच पाहतात. त्या बॅसिलिकेच्या आधी त्याच जागेवर डोमिशियन सम्राटाने बांधलेल्या मसाल्याच्या वखारी होत्या आणि त्यांचे नावच मिऱ्यांवरून पडले होते. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून येत असे. भारत दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो, अशी तक्रार पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीने केली आहे. आईंना त्या कमानींखाली उभे करा आणि सांगा, की येथे आपल्याकडच्या मिऱ्यांची पोती उतरत होती. मी माझ्या आजीला हे सांगितले तेव्हा तिने त्या जमिनीला हात लावून नमस्कार केला.

कृष्णाकाठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

तगरताई, प्रतिसाद अत्यंत आवडला. एवढेच जोडतो, की पॉम्पेईची मूर्ती फार काळ लक्ष्मीची म्हणून ओळखली गेली, परंतु ती यक्षी असावी असे अनेक अभ्यासक मानतात. कोल्हापूरची मूर्ती मिळाली म्हणून रोमन माणूस तेथे राहत होता असेही ठरत नाही, वस्तू हातोहात फार लांब जातात. तरीही फोरममध्ये उभ्या असलेल्या मराठी माणसाला याहून चांगला धागा मिळणार नाही.

अक्षरवेल | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

सान क्लेमेन्तेच्या मधल्या थरात अकराव्या शतकाच्या अखेरचे एक भित्तिचित्र आहे. त्यात काही माणसे एक खांब ओढत आहेत आणि त्यांच्या तोंडचे शब्द शेजारी लिहिले आहेत. ते लॅटिनमध्ये नसून लोकांच्या बोलीत आहेत, त्यांत एक सणसणीत शिवीही आहे, आणि इटालियनच्या अतिशय जुन्या लिखित नमुन्यांत त्यांची गणना होते. मराठीच्या अतिशय जुन्या लेखांपैकी एक असलेल्या अक्षीच्या शिलालेखापुढे उभी राहिले तेव्हा जे वाटले होते, तेच मला तेथे वाटले. खाली छायाचित्रे काढू देत नाहीत, म्हणून ते शांतपणे पाहा.

औषधपेटी | ६ फेब्रुवारी, रात्री ९:३३

मी गेल्या वर्षी सासूबाईंना (वय ७४) घेऊन गेले होते, म्हणून गुडघ्यांविषयी लिहिते. जुन्या भागातील रस्त्यांवर काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत. त्यांच्यातील फटींत पाऊल मुरगळते, त्यामुळे जाड तळव्याचे बूटच घाला. फोरममधील प्राचीन रस्त्याचे दगड त्याहून मोठे आणि गुळगुळीत आहेत, पाऊस झाला असेल तर त्या दिवशी फोरम टाळा. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे, तिची चौकशी प्रवेशद्वारापाशीच करा. सान क्लेमेन्तेचे जिने उतरणे-चढणे सावकाश जमते, मात्र ते दिवसाच्या सुरुवातीला करा, शेवटी नको.

पाणी विकत घेऊ नका. शहरभर सुमारे २,५०० पाणपोया आहेत, वाकड्या नाकासारख्या तोटीच्या. त्यांचे थंड पाणी सतत वाहत असते आणि ते पिण्याचे आहे. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून धार उसळते आणि वाकावे लागत नाही.

चुनखडी | ७ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्रेव्ही कारंजे सगळेच पाहतात, पण ज्या जलवाहिनीचे पाणी त्यात येते ती मुळात इ.स.पू. १९ मध्ये ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने बांधली होती. कारंज्याजवळच्याच गल्लीत एका चित्रपटगृहाच्या नूतनीकरणात जमिनीखाली रोमन घरे आणि पाण्याच्या टाक्या सापडल्या, त्या पाहता येतात.

आणि मेट्रोच्या सी मार्गावरील सान जोव्हान्नी स्थानक विसरू नका. स्थानक खणताना जे जे मिळाले ते तेथेच मांडले आहे, आणि भिंतींवर खोलीनुसार काळ लिहिला आहे, त्यामुळे फलाटाकडे उतरताना आपण एकेक शतक मागे जातो. रोमन शेतमळ्यातील पीचच्या बियासुद्धा काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत. सरकते जिने आणि लिफ्ट आहेतच, म्हणून आईंसाठी थरांचा पहिला धडा तेथेही घेता येईल.

देशांतर | २९ एप्रिल, रात्री १०:०५

आम्ही परवा परतलो. सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही केले ते असे: पहिल्या सकाळी सान जोव्हान्नी स्थानक आणि तेथून सान क्लेमेन्ते, संध्याकाळी कठड्यावरून फोरम. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, म्हणून औषधपेटी यांचे ऐकून फोरम पुढे ढकलला आणि पँथिऑनला गेलो. झरोक्यातून पाऊस सरळ रेषेत खाली येत होता आणि फरशीच्या मधल्या भागाला दोरी बांधून माणसांना बाजूला केले होते. आईने दोरीबाहेरून छिद्रे मोजली, तिचा आकडा आणि माझा आकडा जुळला नाही.

फोरममध्ये आम्ही साडेतीन तास होतो. खांब तेच तीन होते, पण या वेळी ते कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या मंदिराचे आहेत हे मला ठाऊक होते, आणि आईने ते ऐकताच "म्हणजे अश्विनीकुमारच की," असे म्हटले. अधांतरी दरवाजाखाली ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मॅक्सेन्शियसच्या कमानींखाली तिने तगर यांच्या आजींबद्दल पुन्हा विचारले आणि मग स्वतःही खाली वाकून मातीला हात लावला. तिला वाकणे किती अवघड जाते हे मला माहीत आहे.

कृष्णाकाठ आणि पायवाट यांच्या वादात मी निर्णय देऊ इच्छित नाही, कारण सान क्लेमेन्ते आधी पाहिले नसते तर तो दरवाजा मला कळला नसता.

एक शंका राहिली. फोरममधील सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवरील लेखाच्या चौथ्या ओळीत दगड बाकीपेक्षा खोल वाटतो आणि तेथे जुनी, वेगळीच भोके दिसतात. ती का असावीत?

कृष्णाकाठ | ३० एप्रिल, सकाळी ७:५०

तुम्हाला ते दिसले याचा फार आनंद झाला. कमान २०३ मध्ये उभी राहिली तेव्हा लेखात सम्राटाबरोबर कॅराकॅला आणि गेटा या त्याच्या दोन्ही मुलांची नावे होती. वडिलांच्या मृत्यूनंतर कॅराकॅलाने धाकट्या भावाला ठार करवले आणि साम्राज्यभर त्याचे नाव पुसून टाकण्याची आज्ञा दिली. चौथ्या ओळीतील धातूची अक्षरे उपटली, दगड तासला आणि त्या जागी वडिलांच्या व थोरल्या मुलाच्या गौरवाचे शब्द बसवले. पण जुनी अक्षरे ज्या खिळ्यांनी बसवली होती त्यांची भोके राहिली, आणि त्या भोकांच्या मांडणीवरून अभ्यासकांनी गेटाचे नाव पुन्हा वाचले आहे.